पायांनी चाखून निवडलेले पान

मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की मंगरूळपीर तालुक्यातील संत्र्याच्या बागांचा रंग बदलतो. मृग बहारासाठी उन्हाळ्यात ताणावर सोडलेली, धुळीने मळलेली झाडे थोड्याच दिवसांत पोपटी दिसू लागतात. फांद्यांच्या टोकांना मऊ, चकचकीत नवती फुटते. शेतकऱ्याचे डोळे त्या वेळी फुलकळीकडे लागलेले असतात. पण बागेत आणखी एक पाहुणी फिरत असते आणि तिला फुलांपेक्षा या कोवळ्या पानांतच जास्त रस असतो.

काळ्या पंखांवर फिकट पिवळे ठिपके, मागच्या पंखांच्या आतल्या कडेला विटकरी डाग आणि शेपटी नाही, अशी ही लिंबू फुलपाखराची मादी. शास्त्रीय नाव पॅपिलिओ डेमोलियस. थोडा वेळ उभे राहून पाहिले तर तिचे वागणे चमत्कारिक वाटते. ती एका पानावर क्षणभर टेकते आणि उडते. दुसऱ्यावर टेकते, तेही सोडते. बांधावरच्या गवताला, शेजारच्या तुरीच्या रोपालाही स्पर्श करून बघते. मग संत्र्याच्या एका शेंड्यावर येते, पंख फडफडत ठेवूनच पुढच्या पायांनी पानावर भरभर थापा मारते, पोटाचे टोक वाकवते आणि मोहरीपेक्षाही लहान, फिकट पिवळा, गोल मणी पानाला चिकटवून निघून जाते. एका जागी एकच अंडे. पुढचे अंडे दुसऱ्या शेंड्यावर, बहुधा दुसऱ्या झाडावर.

भाजीवाल्याकडे वांगी दाबून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाची आठवण यावी, असा हा सगळा प्रकार. तिची चोखंदळ वृत्ती मात्र स्वतःच्या पोटासाठी नाही. ती स्वतः फुलातला मधुरस पिऊन जगते, पान खाण्यासाठी लागणारे तोंडच तिला नाही. तिला पान हवे असते ते पिल्लांसाठी, आणि या पिल्लांना ती पुन्हा कधी भेटणार नसते. अंड्यातून बाहेर पडणारी अळी काही मिलिमीटर लांबीची असते. चुकीच्या झाडावर जन्मली तर शेजारच्या बरोबर झाडापर्यंत चालत जाण्याची ताकद तिच्यात नसते. तिला दूध पाजणारे, भरवणारे कोणी नाही. आईने तिच्यासाठी जे काही करायचे ते या एका निर्णयात येते.

हा निर्णय कसा होतो, याचा शोध शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. १९१० साली व्हर्शाफेल्ट या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखराच्या अळ्यांवर साधे प्रयोग केले. या अळ्या कोबी आणि मोहरीच्या कुळातील पाने खातात, इतर पानांना तोंड लावत नाहीत. व्हर्शाफेल्टने त्या नाकारलेल्या पानांना मोहरीच्या कुळातील वनस्पतींचा रस आणि त्यांतले झणझणीत द्रव्य लावून पाहिले. अळ्या ती पाने खाऊ लागल्या. म्हणजे अळी पानाचे पोषणमूल्य मोजत बसत नव्हती, ती एक खूण ओळखत होती. मोहरीचा झणका हे त्या वनस्पतीचे खरे तर संरक्षक शस्त्र. बहुतेक किडी त्यापासून लांब पळतात. या एका फुलपाखराने मात्र त्याच शस्त्रालाच घराची पाटी मानले.

पुढे १९४१ मध्ये अमेरिकेतील व्हिन्सेंट डेथियर यांनी हाच प्रश्न लिंबू फुलपाखराच्या नात्यातल्या एका जातीबद्दल विचारला. तिच्या अळ्या गाजर, बडीशेप यांच्या कुळातील झाडे खातात. या वनस्पतींतील सुगंधी तेलांकडे अळ्या ओढल्या जातात, असे त्यांना आढळले, आणि अशीच काही तेले लिंबाच्या कुळातही असतात. पॅपिलिओ गटातली काही फुलपाखरे लिंबावर आणि काही गाजराच्या कुळावर का, या कोड्याला त्यामुळे एक वाट सापडली. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात ही दोन कुळे एकमेकांपासून दूर असली तरी वासाच्या हिशेबाने ती शेजारी आहेत.

मंगरूळपीरच्या बागेतली मादीही झाडाचे कुळ असेच ठरवते. लांबून तिला मदत होते ती डोळ्यांची. पॅपिलिओ फुलपाखरांना रंग उत्तम दिसतात आणि ताज्या पालवीचा पोपटी रंग जून पानांच्या गर्द हिरव्यापासून त्यांना वेगळा कळतो. जवळ आल्यावर वास येतो, तो मिशांनी. पण शेवटचा शब्द पायांचा. मादीच्या पुढच्या पायांच्या टोकांवर चव ओळखणारे सूक्ष्म केस असतात. पानावर थापा मारताना ती पानाच्या पृष्ठभागावरची रसायने या केसांवर घेते आणि क्षणार्धात निकाल लावते. माणसाची जीभ जे काम करते ते इथे पाय करतात.

या चवीत नेमके काय असते, याची सर्वांत बारकाईची तपासणी जपानमध्ये झाली. तिथे लिंबू फुलपाखराचे एक जवळचे भावंड, पॅपिलिओ झूथस, संत्र्या-मोसंबीच्या झाडांवर अंडी घालते. रित्सुओ निशिदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात पानांचा अर्क वेगवेगळ्या घटकांत विभागून माद्यांपुढे ठेवला. एकेकटा घटक दिला तर माद्या फारशा भुलत नव्हत्या. अनेक घटक एकत्र आले की मात्र त्या कृत्रिम पानावरही अंडी घालू लागल्या. एखाद्या मसाल्यातला एकच जिन्नस नाकाशी धरून भाजी ओळखता येत नाही, तसेच हे. फुलपाखरू एका रसायनाला नाही, तर त्यांच्या मेळाला ‘लिंबू’ म्हणते.

त्या मेळातला एक घटक म्हणजे सिनेफ्रिन. २०११ मध्ये कात्सुहिसा ओझाकी यांच्या गटाने ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले की मादीच्या पायांतील एक विशिष्ट संवेदक नेमका सिनेफ्रिनला प्रतिसाद देतो. त्या संवेदकाचे जनुक दाबून टाकल्यावर माद्यांचा सिनेफ्रिनला मिळणारा प्रतिसाद मंदावला आणि अंडी घालणेही कमी झाले. आईची निवड असे ज्याला आपण म्हणतो, त्याचा एक धागा अशा रीतीने थेट एका जनुकापर्यंत जाऊन पोहोचला.

याच जपानी फुलपाखराबद्दलची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याच्या पोटाच्या टोकालाही प्रकाश ओळखणाऱ्या पेशी असतात. केंतारो आरिकावा यांच्या अभ्यासानुसार अंडी घालण्याची नळी पुरेशी बाहेर आली की नाही, हे मादीला या पेशींमुळे समजते. पायाला जीभ आणि शेपटीला डोळा! कीटकांच्या जगात अवयवांची वाटणी करणाऱ्याने आपल्याकडचा नकाशा वापरलेला दिसत नाही.

एकदा ही चवीची गोष्ट लक्षात आली की वऱ्हाडातल्या कोणत्याही गावात फिरताना झाडे वेगळी दिसू लागतात. लिंबू फुलपाखराच्या लेखी संत्रा, मोसंबी आणि लिंबू यांच्या रांगेत महादेवाच्या देवळापुढचा बेल येतो, बांधावरचे कवठ येते आणि न्हाणीघराच्या सांडपाण्यावर वाढलेला अंगणातला कढीपत्ताही येतो. माणूस यांना फळझाड, देवाचे झाड आणि फोडणीचे झाड अशा तीन खात्यांत टाकतो, पण ही सारी एकाच कुळातली आहेत. मादीला पोथी न वाचता हे माहीत असते. त्याहून गमतीचे उदाहरण बावचीचे. कोडावरच्या औषधात वापरली जाणारी ही वनस्पती तूर-हरभऱ्याच्या कुळातली, लिंबाशी तिचे नाते नाही. तरीही लिंबू फुलपाखराच्या अळ्या तिच्यावर वाढतात. बावचीत सोरालिन असते आणि त्याच जातीची द्रव्ये लिंबाच्या कुळातही सापडतात. ऑस्ट्रेलियात तर या फुलपाखराची जी उपजात आहे ती बावचीच्या नातलगांवरच अवलंबून असते, लिंबाच्या बागांकडे वळत नाही.

लिंबू फुलपाखराखेरीज बांधावरच्या इतर फुलपाखरांनीही आपापली खाती अशीच वाटून घेतली आहेत. रुईच्या पानावर प्लेन टायगर, एरंडीवर कॉमन कॅस्टर, पावसाळ्यात माजलेल्या तरोट्यावर फिकट रंगाची एमिग्रंट फुलपाखरे. काळ्या रानातली किडामारी ही सरपटणारी वेल तर नावानेच कीड मारणारी. क्रिमझन रोज आणि कॉमन रोज या लाल अंगाच्या फुलपाखरांना अंडी घालायला तीच हवी असते. तिचे विष अळ्या अंगात साठवतात, ते मोठेपणीही उरते आणि मग पक्षी या फुलपाखरांच्या वाटेला जात नाहीत.

पॉल एर्लिच आणि पीटर रेव्हन यांनी १९६४ साली फुलपाखरे आणि त्यांच्या खाद्यवनस्पतींची अशी कितीतरी उदाहरणे एकत्र मांडली आणि त्यातून एक झगडा दाखवला. वनस्पती नवे विष तयार करते, बहुतेक कीटक मागे हटतात, एखादा गट ते पचवायला शिकतो आणि त्या वनस्पतीवर जवळजवळ एकटाच राज्य करतो. मात्र अशा राज्याची किंमत मोजावी लागते. एक विष पचवण्यात तरबेज झालेल्या अळीला दुसरे पचत नाही. त्यामुळे आईची निवड चुकली तर अळीला माघार घ्यायला जागा नसते.

आणि आईची निवड चुकते. उत्तर अमेरिकेतले मोनार्क फुलपाखरू रुईच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालते. युरोपातून तिकडे गेलेली एक वेल त्याच कुळातली आहे. चव ओळखीची लागल्याने काही माद्या तिच्यावर अंडी घालतात आणि अळ्या मरतात. ऑस्ट्रेलियात रिचमंड बर्डविंग या देखण्या फुलपाखराचेही असेच झाले. बागेची शोभा म्हणून परदेशातून आणलेली, किडामारीच्या नात्यातली वेल मादीला योग्य वाटते, अळ्यांसाठी ती विषारी ठरते. पायांची परीक्षा हजारो वर्षांच्या शेजाऱ्यांसाठी बनलेली असते. नर्सरीतून विकत आणलेला शेजारी तिच्या अभ्यासक्रमात नसतो.

उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. लिंबूवर्गीय झाडे मूळची आशियातली. कोलंबसाच्या १४९३ च्या दुसऱ्या सफरीत त्यांच्या बिया कॅरिबियन समुद्रातील हिस्पॅनिओला बेटावर गेल्या. पाच शतके तिथे ही झाडे वाढली, पण आशियातले हे फुलपाखरू त्यांच्या मागे गेले नव्हते. २००४ मध्ये त्याच बेटावरच्या डोमिनिकन प्रजासत्ताकात लिंबू फुलपाखरू सापडले. तिथल्या संत्र्याची चव त्याच्या पायांना अनोळखी वाटली नाही. आजूबाजूच्या बेटांवरही ते पुढे पसरत गेले.

मादी केवळ जन्मजात चवीवर चालते असेही नाही, ती शिकतेही. टेक्सासमध्ये किडामारीच्या दोन भाऊबंद वनस्पती आहेत, एकीची पाने रुंद, दुसरीची अरुंद. मार्क राउशर यांनी १९७८ मध्ये दाखवले की त्यांच्यावर अंडी घालणाऱ्या फुलपाखराच्या माद्या एका वेळी एकाच आकाराच्या पानाच्या शोधात फिरतात. रुंद पान लाभदायी ठरले की ती प्रत्येक रुंद पान तपासते आणि अरुंद पानाकडे दुर्लक्ष करते. बाजारात हिरवी जुडी शोधणाऱ्याला शेजारची लाल माठाची जुडी दिसत नाही, तसेच.

मंगरूळपीरच्या बागेत या सगळ्या शास्त्राचा पैशांशी संबंध येतो तो नवतीपाशी. संत्र्याचे झाड मादीला पसंत पडले तरी त्यावरचे प्रत्येक पान पडत नाही. नुकत्या जन्मलेल्या अळीचे जबडे जून, चिवट पान फोडू शकत नाहीत. कोवळ्या पानात पाणी आणि नत्र जास्त, तंतू कमी. म्हणून अंडी शेंड्यांवर आणि नव्या पानांवर पडतात. बागायतदार ताण देऊन, मग पाणी तोडून-सोडून सगळ्या झाडांना एकाच वेळी फूट आणतो. बहार एकसारखा यावा हा त्याचा हेतू. पण रानात एखादे कवठ, एखादा बेल असा तुरळक सापडणारा कोवळा पाला या मादीला इथे एकरच्या एकर ताटात वाढून ठेवलेला मिळतो. सायला, मावा, नागअळी हेही त्याच पंगतीला येतात.

मोठ्या झाडाला थोडी पाने गेल्याने फारसा फरक पडत नाही. खरा फटका बसतो तो रोपवाटिकेतल्या कलमांना आणि नव्या लागवडीतल्या वर्ष-दोन वर्षांच्या झाडांना. अशा झाडाला पानेच किती असतात? शेवटच्या अवस्थेतली अळी खादाड असते आणि चार-पाच अळ्या लहान कलमाच्या नुसत्या काड्या करून ठेवतात. शेतकऱ्याला ती दिसते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो, कारण सुरुवातीच्या अवस्थांत ती अळी वाटतच नाही. तपकिरी-काळ्या अंगावर पांढरट पट्टा, ओलसर चमक. पानावर चिमणीची विष्ठा पडली आहे असेच वाटते. पक्षीही तसेच समजून पुढे जातात. शेवटची कात टाकल्यावर ती हिरवी होते आणि पानात मिसळून जाते. डिवचले तर डोक्यामागून नारिंगी, दुभंगलेले शिंग बाहेर काढते आणि त्याचा उग्र दर्प येतो. खेड्यातल्या मुलांना हा खेळ चांगला माहीत असतो.

म्हणूनच मादीची निवड समजली तर काम सोपे होते. सगळे झाड धुंडाळण्याची गरज नाही, फूट निघाल्यानंतर फक्त शेंडे पाहायचे. उबदार हवेत अंडी तीन-चार दिवसांत उबतात, म्हणजे नवती दिसल्यापासून आठवड्यातून दोनदा लहान झाडांवरून नजर फिरवली तर पिवळे मणी आणि ‘चिमणीची विष्ठा’ हातानेच वेचून काढता येते. अळ्या वेचून नष्ट करणे हा कृषी तज्ज्ञांच्या सल्ल्यातला जुना आणि लहान बागेत सर्वांत स्वस्त उपाय आहे. लागवड मोठी असेल तर निंबोळी अर्क किंवा अळ्यांना मारणाऱ्या जिवाणूंची फवारणी, आणि नेमके काय, किती वापरायचे ते अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ किंवा नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था यांच्या शिफारशी पाहून ठरवावे. फुलपाखरू दिसले की पंप पाठीला लावायचा, ही घाई मात्र महागात पडते. कारण या अंड्यांवर टपलेले बागेत इतरही आहेत.

त्यांतली सर्वांत लहान म्हणजे ट्रायकोग्रामा ही गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातली माशी. कापूस उत्पादकांना ती ट्रायकोकार्डामुळे परिचित आहे. टाचणीच्या टोकाएवढा हा जीव फुलपाखराच्या अंड्यात आपले अंडे घालतो. मग त्या अंड्यातून अळी निघत नाही, नवी ट्रायकोग्रामा निघते. युरोपात २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तिचा विलक्षण डाव उघड झाला. कोबीच्या फुलपाखराचा नर मीलनानंतर मादीच्या अंगावर एक वास ठेवून जातो, दुसऱ्या नरांनी तिच्या नादी लागू नये म्हणून. ट्रायकोग्रामा तोच वास हुंगून ताजे मीलन झालेली मादी ओळखते, तिच्या अंगावर बसते आणि तिने पारखून निवडलेल्या पानापर्यंत आयती पोहोचते. आईने पायांनी इतकी चाखून-माखून जागा शोधावी आणि चोराने तिच्याच खांद्यावर बसून यावे! सरसकट विषारी फवारणीत आधी मरतात ते असे नाजूक मदतनीस.

घाई टाळण्याचे दुसरे कारण असे की संत्र्याच्या पानावरची प्रत्येक अळी लिंबू फुलपाखराचीच असेल असे नाही. कॉमन मॉरमॉन हेही फुलपाखरू याच झाडांवर अंडी घालते आणि त्याच्या अळ्या जवळपास तशाच दिसतात. या जातीच्या काही माद्या किडामारीवर वाढणाऱ्या विषारी कॉमन रोजची हुबेहूब नक्कल करतात. स्वतः संत्र्याचा निरुपद्रवी पाला खाऊन वाढलेली मादी विषारी असल्याचे सोंग घेऊन फिरते. हे सोंग ‘डबलसेक्स’ नावाच्या एकाच जनुकाच्या वेगवेगळ्या रूपांवर चालते, हे कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘नेचर’मध्ये सिद्ध केले. तिसरे नाव ब्लू मॉरमॉनचे. महाराष्ट्राने २०१५ मध्ये त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला. काळ्या मखमलीवर निळाई पसरलेले हे मोठे फुलपाखरू सह्याद्रीच्या पावसाळी रानात अधिक दिसते, पण त्याच्या मादीच्या पायांनाही लिंबाच्याच कुळाची चव हवी असते.

कलम वाचवायचे आणि फुलपाखरूही राहू द्यायचे, तर त्यातून मार्ग निघतो तो अंगणातल्या कढीपत्त्याने. कलमावरून वेचलेली अळी मारण्याऐवजी मोठ्या वाढलेल्या कढीपत्त्यावर किंवा बांधावरच्या बेलावर सोडली तर ती तिथे खात राहते. झाड मोठे असेल तर त्याला काही होत नाही. शाळेतल्या मुलांसाठी तर हा पंधरा-वीस दिवसांचा उत्तम प्रयोग. अळी पाच अवस्थांतून जाते, मग एका काडीला कमरेभोवती रेशमी दोर बांधून कोष करते. हिरव्या फांदीवर कोष बहुधा हिरवा होतो, वाळक्या काटकीवर तपकिरी.

पाहायचे असेल तर सुरुवात मात्र अंड्यापासूनच करायला हवी. नवतीवरचा पिवळा मणी उबण्याच्या आदल्या दिवशी काळपट होऊ लागतो, आतल्या अळीचे डोके कवचातून दिसते. बाहेर आल्यावर ती लगेच संत्र्याच्या पानाकडे वळत नाही. आधी स्वतःच्या अंड्याचे कवच खाते. मग जराशी सरकते आणि आईने पायांनी चाखून ठेवलेल्या पानाच्या कडेला पहिला चावा घेते.